नदीतला मासा लांबट, तळ्यातला रुंद, असे का?



सायप्रिनस (कॉमन कार्प) आपल्या तळ्यांना नवा नाही. त्याचा जर्मन प्रकार १९३९ साली श्रीलंकेतून निलगिरीत आला आणि १९५७ साली बँकॉकहून दुसरा आला. मैदानी भागात दिसतो तो मुख्यतः हा दुसरा.

युरोपातील पाळीव सायप्रिनसचे रानटी भाऊबंद डॅन्यूब नदीत आहेत. ते लांबट, निमुळते व अंगभर खवल्यांचे असतात. तेथील मठांच्या तळ्यांत मध्ययुगापासून पोसलेला मासा मात्र उंच पाठीचा आणि जाड झाला. त्यातल्या मिरर कार्पच्या अंगावर तर खवले मोजकेच. साफ करणारीची तेवढीच सोय!

हा फरक दोन वाटांनी येतो. प्रवाहात सतत पोहणाऱ्या माशाला सडपातळ अंग सोयीचे. तळ्यात पाणी स्थिर, पेंड व कोंडा आयता, त्यामुळे चरबी साठून अंग भरते. हा झाला खाद्यपाण्याचा परिणाम, तो पिलांत उतरत नाही. दुसरी वाट वंशाची. पिढ्यानपिढ्या जाड मासेच प्रजननासाठी राखले, तर ठेवण वंशातच मुरते. दोन्ही वाणांची पिले एकाच तळ्यात, एकाच खाद्यावर वाढवावीत. तरीही जो फरक उरेल तो वंशाचा समजावा.

मत्स्यबीज घेताना नेमकी येथेच फसगत होते. विक्रेता गलेलठ्ठ प्रजनक दाखवतो आणि आपण भुलतो. तो मासा वाणाने चांगला की नुसता खाऊन फुगलेला, हे डोळ्यांना कळत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर अंड्यांनी भरलेली मादीही रुंदच दिसते. उलट, कणा वाकडा दिसला की वाणालाच दोष देऊ नये. खाद्यात ‘क’ जीवनसत्त्व कमी पडले तरी असे होते.

म्हणून मोजमाप करावे. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या मुळापर्यंतची लांबी घ्यावी आणि तिला अंगाच्या सर्वांत जास्त उंचीने भागावे. ३९ सें.मी. लांब माशाची उंची १३ सें.मी. असल्यास उत्तर ३ येते, १० सें.मी. असल्यास ३.९. आकडा जितका लहान तितके अंग उंच. तुलना मात्र सारख्याच लांबीच्या माशांची करावी, कारण वाढीबरोबर ठेवणही बदलते. एकदोन माशांवर भागवू नये, जाळ्यात येतील तसे निदान २५-३० मासे मोजावेत. डोके मोठे आणि पाठ खप्पड असे मासे बरेच निघाले, तर वाण बदलण्याआधी तळ्यातील माशांची संख्या व खाद्य तपासावे.