विटाळ आणि प्रदूषण : दफनभूमी व भूजल यांचा विचार

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. पुढे सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध व दही यांच्या साह्याने तळ्याची ‘शुद्धी’ केली. विटाळाची कल्पना अशी असते. ती जन्मावरून ठरते, तिला मोजमाप नसते. प्रदूषण मात्र मोजता येते, त्याचे कारण शोधता येते आणि त्यावर उपायही करता येतो. दफनभूमीमुळे विहिरीचे पाणी दूषित होते का, या प्रश्नाकडे पाहताना आम्हांस हा भेद प्रथम मांडावासा वाटतो. कारण मृत्यूची भीती आणि परधर्माविषयीचा पूर्वग्रह येथे शास्त्राच्या नावाने सहज शिरकाव करतात.

मानवी देहात निम्म्याहून अधिक अंश पाण्याचा असतो. दफनानंतर देहाचे विघटन होताना जिवाणू, क्षार व नायट्रोजनची संयुगे असलेला द्रव जमिनीत झिरपतो. कबरीखाली मातीचा पुरेसा जाड व कोरडा थर असेल, तर बहुतेक जिवाणू तेथेच अडतात व नष्ट होतात. अमोनियापासून तयार होणारे नायट्रेट मात्र पाण्यात विरघळून पुढे वाहू शकते. मातीचा थर पातळ असला किंवा कबरीच्या तळाशीच पाणी लागले, तर ही नैसर्गिक गाळणी निकामी होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने १९९८ मध्ये या विषयावर अहवाल प्रसिद्ध केला. दफनभूमीची जागा आणि तेथील भूरचना यांवर धोक्याचे प्रमाण अवलंबून असते, हे त्यातून स्पष्ट होते. इंग्लंडमधील नियमांनुसार कबर पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून वा झऱ्यापासून किमान २५० मीटर व इतर झऱ्यांपासून आणि प्रवाहांपासून ३० मीटर दूर असावी, तसेच कबरीचा तळ भूजलपातळीपासून किमान १ मीटर वर असावा, असा दंडक आहे.

हे अंतर आपल्याकडे जसेच्या तसे पुरेल असे नाही. महाराष्ट्राचा फार मोठा भाग बेसाल्ट खडकाचा आहे. वर माती-मुरुमाचा थर आणि खाली भेगाळलेला खडक, अशी रचना अनेक ठिकाणी आढळते. खडकातील भेगांतून पाणी फारसे न गाळताच वेगाने पुढे सरकते. पावसाळ्यात पाण्याची पातळी वर येते, तेव्हा धोका वाढतो.

दफनविधी मुस्लिम, ख्रिस्ती, लिंगायत अशा अनेक समाजांत आहे आणि सन्मानाने अंत्यविधी करण्याचा प्रत्येकाचा हक्क आहे. दुर्बल समाजाच्या वाट्याला नाल्याकाठची सखल जागा आली असेल, तर दोष त्या समाजाचा नसून जागा ठरविणाऱ्यांचा आहे. दूषित पाणी प्रथम त्याच उतारावरच्या वस्तीला प्यावे लागते, हेही विसरता येत नाही.

म्हणून ग्रामसभेत आरोप करण्याआधी पाणी तपासावे. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, दफनभूमीच्या वरच्या व खालच्या बाजूच्या विहिरींचे नमुने शासकीय प्रयोगशाळेत द्यावेत. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. क्लोरीनने जिवाणू मरतात, पण नायट्रेट जात नाही. पाणी उकळल्यानेही ते जात नाही. बाटलीच्या दुधावर असलेल्या तान्ह्या बाळांना त्याचा विशेष धोका असतो. नायट्रेट शेतातील खतातून, गोठ्यातून व शोषखड्ड्यांतूनही येते. दोन्ही बाजूंच्या विहिरींत ते सारखेच आढळले, तर कारण अन्यत्र शोधावे लागेल.

तथागतांनी आपला धम्म ‘एहिपस्सिको’, म्हणजे ‘या आणि पाहा’ असा सांगितला. आमचे माजी विद्यार्थी आज गावोगावी शिक्षक, अभियंते व ग्रामपंचायत सदस्य आहेत. नव्या दफनभूमीचा प्रस्ताव येईल तेव्हा त्यांनी विहिरीचे अंतर, जमिनीचा उतार आणि पावसाळ्यातील पाण्याची पातळी ही तीन मापे मागावीत, एवढीच आमची अपेक्षा आहे.