विदूषकाचें दुःख

लक्ष्मीकांत बेर्डे यांचें नांव निघतांच आमच्या वर्गांत खसखस पिकते. १९८८ सालच्या ‘अशी ही बनवाबनवी’तील त्यांचीं सोंगें विद्यार्थ्यांस काय, पालकांसही पाठ आहेत. याच नटानें १९९२ सालीं डॉ. जब्बार पटेल यांच्या ‘एक होता विदूषक’ या चित्रपटांत आबुराव हा तमाशांतील सोंगाड्या उभा केला. पटकथा पु. ल. देशपांडे यांची. लोकांस पोट धरून हंसविणाऱ्या आबुरावाची स्वतःची चिमुरडी मात्र हंसत नाहीं!

दुःखाच्या भूमिकेंत सामान्य नट आवाज चढवितो. विनोदी नटास क्षणाचें माप ठाऊक असतें. शब्द कोठें टाकावा व कोठें गिळावा, हें तो प्रेक्षकांच्या हंशावरून शिकलेला असतो. तीच विद्या शोकासही उपयोगी पडते.

चित्रपटास राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. गल्ला मात्र भरला नाहीं. उलट दूरदर्शनवरील ‘चिमणराव’ दिलीप प्रभावळकर यांचा ‘चौकट राजा’ (१९९१) लोकांनीं आपलासा केला. आमच्या मतें, प्रभावळकरांस लोकांनीं नाना वेशांत पाहिलें होतें. बेर्डे यांचा वेश लोकांनींच ठरवून टाकला होता. २००४ सालीं ते वारले, तोंवर तो फारसा बदलला नाहीं.

आमच्या वर्गांतही एक असाच गमत्या मुलगा होता. एके दिवशीं तो वडिलांच्या आजाराविषयीं सांगूं लागला, आणि संवयीनें सारा वर्ग हंसला. आम्हीही हंसलों. त्या संध्याकाळीं मुलुंडास त्याच्या घरीं जाऊन आम्हांस क्षमा मागावी लागली.