जुनी तिजोरी, नवा मालक



श्टुटगार्टच्या नेमबाजी क्लबात वर्षभर नेटाने सराव झाला, आता परवान्याचा अर्ज आणि पहिले पिस्तूल, हे तुझ्या पत्रात वाचून घरी सगळ्यांना आनंद झाला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली जर्मनीतच, म्युनिकला, विश्वविजेत्या झाल्या. त्याच देशात आपले पोर नेम धरते आहे, याचे कौतुक आहेच.

घाईने लिहायचे कारण मात्र पत्रातली ती पिस्तुलासाठीच्या जुन्या तिजोरीची जाहिरात. ‘बी दर्जा, उत्तम स्थिती, आजवर कायदेशीर वापर.’ विकणारा खोटे बोलत नाही. तरीही ती घ्यायची नाही.

जर्मनीत ६ जुलै २०१७ पासून नियम बदलला. नव्याने घेतलेली तिजोरी ईएन ११४३-१ या युरोपीय मानकाची, किमान ‘शून्य’ दर्जाची लागते. ए आणि बी दर्जाची जुनी कपाटे ज्यांच्याकडे आधीपासून होती, त्यांना ती वापरत राहायची मुभा मिळाली. ही मुभा मालकाला आहे, कपाटाला नाही. कपाट विकले की ती संपली. म्हणूनच अशी कपाटे स्वस्तात निघतात आणि नवखा माणूस फसतो.

दुसरी तिजोरी पाहायला गेल्यावर रंग, चकाकी नंतर. आधी दार उघडून आतली पाटी वाचावी. तिच्यावर उत्पादक, बनावटीचे वर्ष, वजन, मानक आणि दर्जा असतो. शिवाय ईसीबी-एस किंवा व्हीडीएस अशा तपासणी संस्थेची खूण. ईएन १४४५० लिहिले असेल तर ते वेगळे, हलके मानक. ते चालत नाही. पाटीच नसेल तर दर्जा सिद्ध कसा करणार? वजनही महत्त्वाचे: शून्य दर्जाची तिजोरी २०० किलोंहून हलकी असेल तर तिच्यात पाचच पिस्तुले ठेवता येतात, २०० किलो किंवा जास्त असेल तर दहा. पहिल्या दर्जाला संख्येची मर्यादा नाही. मागच्या मालकाने स्वतः भोके पाडलेली दिसली तर सौदा सोडावा.

कुलूप शक्यतो आकड्यांचेच घ्यावे. जुन्या किल्लीच्या किती प्रती कुणाकडे आहेत, हे कोण सांगणार? शिवाय म्युन्स्टरच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले की किल्लीही तिजोरीच्याच दर्जाच्या पेटीत ठेवली पाहिजे. त्या खटल्यातला मालक सुट्टीवर असताना चोरांनी हलक्या पोलादी पेटीतून किल्ल्या काढून शस्त्रे नेली होती. म्युन्स्टर दुसऱ्या राज्यात असले तरी शहाण्याने हाच दंडक पाळावा. आकड्यांचे कुलूप असले तर घरी आणल्याबरोबर जुना आकडा बदलावा.

हे सगळे एवढे काटेकोर का, ते श्टुटगार्टजवळच्या विनेंडेनमध्ये कुणालाही ठाऊक आहे. ११ मार्च २००९ रोजी सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या जुन्या शाळेत आणि नंतर बाहेर मिळून पंधरा जणांना मारले. वडील नेमबाजी क्लबचे सदस्य होते. त्यांची बाकीची शस्त्रे तिजोरीत होती. एक पिस्तूल तेवढे झोपायच्या खोलीत, कपड्यांच्या कपाटात होते. मुलाने तेच उचलले. वडिलांना शिक्षा झाली, आणि २००९ मध्येच अधिकाऱ्यांना संशय नसतानाही घरी येऊन साठवण तपासण्याचा अधिकार मिळाला.

योग्य दर्जाची जुनी तिजोरी घेण्यात गैर काहीच नाही; चांगले पोलाद लवकर म्हातारे होत नाही. पण दोनतीनशे किलोंचे धूड जिन्याने वर चढवायची मजुरी आधी विचारावी. बचत तिथेच संपते. भाड्याच्या घरात मालकाची परवानगी आणि जमिनीची ताकद हेही बघावे लागते.

तेव्हा पसंत पडलेल्या तिजोरीच्या पाटीचा स्वच्छ फोटो परवाना कार्यालयाला पाठव, आणि त्यांचे लेखी उत्तर हातात येईपर्यंत विसार म्हणून एक युरोही देऊ नकोस.

तुझा,
मामा