घरातील हिंसा आणि राज्याचे संरक्षण

सातारा व सांगली हे आजचे दोन जिल्हे पूर्वी एकच होते. 1943 ते 1946 या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारने येथील गावोगावी न्यायदान मंडळे चालविली. जमिनीच्या आणि सावकारीच्या तंट्यांबरोबर नवऱ्याने टाकलेल्या स्त्रियांची गाऱ्हाणीही या मंडळांपुढे येत. चार भिंतींआडचा छळ ही सार्वजनिक न्यायाची बाब होय, हे या भागाने तेव्हाच ओळखले होते.

आंतरराष्ट्रीय कायद्याला हे मान्य करण्यास बराच काळ लागला. 1951 च्या जिनिव्हा करारातील निर्वासिताच्या व्याख्येत स्त्रियांचा वेगळा उल्लेख नाही. तथापि 1999 मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, नवऱ्यांनी घराबाहेर काढलेल्या दोन पाकिस्तानी स्त्रियांचा आश्रयाचा दावा मान्य केला. मारणारा नवरा असला, तरी त्या स्त्रीला राज्य संरक्षण देत नसेल तर तो छळ निर्वासित कायद्याच्या कक्षेत येतो, असा त्याचा आशय. युरोपीय संघाच्या न्यायालयानेही जानेवारी 2024 मध्ये हीच दिशा स्वीकारली.

भारत या कराराचा सदस्य नाही. परंतु असे दावे ऐकताना विचारले जाणारे दोन प्रश्न आपल्या तालुक्यांनाही लागू पडतात. दाद मागितल्यास तिला ती मिळाली असती काय? आणि देशातच अन्यत्र ती सुरक्षित राहू शकली असती काय?

‘अन्यत्र’ म्हणजे आपल्याकडे बहुधा माहेर. तेथे परतलेल्या स्त्रीचे नाव ना माहेरच्या शिधापत्रिकेवर, ना सासरच्या घरावर. 1980 च्या दशकात कासेगावच्या इंदुताई पाटणकर, गेल ऑम्वेट आदींच्या स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्तांना संघटित केले, तेव्हा स्वतंत्र शिधापत्रिकेची मागणी पुढे आली ती यामुळेच.

26 ऑक्टोबर 2006 पासून अमलात आलेल्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने ही अडचण बरीच दूर केली आहे. सासर विट्याचे असले, तरी कराडला माहेरी तात्पुरती राहणारी स्त्री कराडच्याच न्यायालयात अर्ज करू शकते. तेथील आदेश देशभर लागू होतो. पहिली सुनावणी सर्वसाधारणपणे 3 दिवसांत ठेवावयाची असून, त्यानंतर 60 दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावयाचा असतो. संरक्षण आदेशाचा भंग केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, 20 हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

खरी उणीव राहते ती गावपातळीवर. चार वडीलधारी मंडळी जमतात, नवऱ्याला समज देतात आणि तिची सासरी पाठवणी करतात. हेतू चांगला असतो, परंतु कागदावर काहीच उरत नाही. पुढच्या वेळी ती न्यायालयात गेली, की ‘यापूर्वी तक्रार का केली नाही?’ हा प्रश्न तिलाच ऐकावा लागतो. वस्तुतः संरक्षण अधिकाऱ्याला खबर देण्यासाठी नातेवाईकच असावे लागते असे नाही. शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य, शेजारी यांपैकी कोणीही ती देऊ शकतो, आणि सद्हेतूने दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्यानंतर घटनेचा अहवाल लिहून तो न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठविणे व त्याची प्रत पोलीस ठाण्यास देणे हे संरक्षण अधिकाऱ्याचे काम आहे.