मुलीचं नाव रेशनकार्डावर नाही. ऑपरेशन योजनेत होईल का?

प्रश्न : आम्ही घोडपदेवला भाड्याच्या खोलीत राहतो. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. तिच्या हृदयाला भोक आहे आणि ते ऑपरेशननंच बंद करावं लागेल, असं टूडी इको बघून डॉक्टर म्हणाले. एका खासगी रुग्णालयात खर्च विचारला आणि आकडा ऐकून परत आलो. मिस्टर छापखान्यात आहेत, पगार १९,००० रुपये. त्यातून दर महिन्याला १४३ रुपये ‘ईएसआय’चे कापतात. रेशनकार्ड केशरी आहे, पण सासऱ्यांच्या नावावर, सातारा जिल्ह्यातल्या गावचं. त्यावर आम्हा दोघांची नावं आहेत, मुलीचं घालायचं राहिलं. दागिने मोडायचे का?
– एक वाचक, घोडपदेव

उत्तर : ताई, दागिन्यांना इतक्यात हात लावू नका. तुमच्या पत्रात दोन योजनांचे धागे आहेत. दोन्ही क्रमानं बघू.

पहिला धागा त्या १४३ रुपयांचा. १९,००० रुपयांचे पाऊण टक्का म्हणजे १४२ रुपये ५० पैसे. वरचा रुपया पूर्ण धरून १४३ झाले. तुमच्या यजमानांच्या नावे मालकानं सव्वातीन टक्के, म्हणजे ६१८ रुपये, वेगळे भरायचे असतात. ही कर्मचारी राज्य विमा योजनेची वर्गणी आहे. १९४८ च्या कायद्यानं ती आली आणि २०१७ पासून महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ती लागू आहे. तिच्यात कामगाराबरोबर त्याची बायकामुलंही येतात, आणि रेशनकार्ड लागत नाही. यजमानांना विमा क्रमांक आणि ‘ई-पहचान’ कार्ड घेऊन तपासायला सांगा की कुटुंबाच्या यादीत मुलीचं नाव आहे का. नसेल तर मालकाच्या ऑफिसातून ते ऑनलाइन घालता येतं. मग ईएसआयच्या नेमून दिलेल्या दवाखान्यात मुलीला न्या. तिथून परळचं महात्मा गांधी स्मारक रुग्णालय आणि गरज पडल्यास पुढचं मोठं रुग्णालय, अशी चिठ्ठीची वाट आहे. हृदयाच्या ऑपरेशनसारख्या सुपर स्पेशालिटी उपचारांसाठी आधी काही काळ वर्गणी भरलेली असावी लागते. यजमान नवे लागले असतील तर ही अट पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

दुसरा धागा केशरी कार्डाचा, म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. २ जुलै २०१२ रोजी मुंबईसह आठ जिल्ह्यांत ती राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं कुटुंबाचं दरसालचं संरक्षण दीड लाखावरून ५ लाख रुपये केलं. जन्मजात हृदयदोषांच्या शस्त्रक्रिया तिच्यात आहेत. आजार जन्मापासूनचा म्हणून कोणी नाकारू शकत नाही, थांबण्याचा कालावधीही नाही. खासगी मेडिक्लेमची सवय असलेले लोक नेमके इथेच चुकीचा सल्ला देतात.

कार्ड गावचं आहे याची काळजी नको. सातारचं कार्ड मुंबईत चालतं. राज्यातल्या कोणत्याही अंगीकृत, म्हणजे योजनेत असलेल्या, रुग्णालयात चालतं. उपचाराच्या ऐन वेळी कार्ड मुंबईला बदलून घेण्याच्या भानगडीत पडू नका. तो वेगळा व्याप आहे आणि त्यात हातचं कार्डही अडकून पडेल.

राहिला मुलीच्या नावाचा प्रश्न. कार्डावर नाव नसलेल्या लहान मुलासाठी जन्मदाखला, आईवडिलांपैकी एकाबरोबरचा मुलाचा फोटो आणि आईवडिलांची नावं असलेलं कार्ड, अशी सोय ठेवलेली आहे. तिचं आधार काढलेलं नसेल तर तेही काढा; पाच वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. सासऱ्यांना मात्र आजच सांगा, तालुक्याच्या पुरवठा शाखेत नाव वाढवण्याचा अर्ज देऊन पोच घ्या. ऑपरेशननंतरच्या तपासण्या पुढे वर्षानुवर्षं चालतात. दर वेळी फोटो आणि दाखला घेऊन धावण्यापेक्षा नाव चढलेलं बरं.

आणखी एक गोष्ट सासऱ्यांना विचारा. ते ५ लाख माणशी नसून कुटुंबाचे असतात. एकट्या मुलीसाठी सगळे वापरता येतात, पण त्याच कार्डावरच्या कोणाची यंदा याच योजनेतून अँजिओप्लास्टी झाली असेल तर तेवढी रक्कम वजा झालेली असेल.

आता जायचं कुठे? जे.जे. तुमच्या हाकेच्या अंतरावर, परळचं के.ई.एम. आणि मुंबई सेंट्रलचं नायरही जवळ. कुठेही गेलात तरी आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या तिथल्या माणसाचं, टेबल शोधा आणि नेमका प्रश्न विचारा : ‘लहान मुलांचं हृदयाचं हे ऑपरेशन इथे योजनेत होतं का?’ रुग्णालय योजनेत असलं तरी त्यातला प्रत्येक विभाग योजनेत असतोच असं नाही. होत असेल तर रुग्णालय इकोचा रिपोर्ट जोडून ऑनलाइन पूर्वपरवानगी मागतं. अगदी तातडीची वेळ असेल तर फोनवरून परवानगी मिळण्याची तरतूद आहे. दाखल झाल्यावर तपासण्या, औषधं, ऑपरेशन, जेवण आणि घरी परतण्याचं भाडं ठरलेल्या पॅकेजमध्ये येतं. डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतचा पाठपुरावाही. ‘आधी डिपॉझिट भरा, मग बघू’ असं कोणी म्हणालं तर पैसे देण्याआधी १५५३८८ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. भरलेले पैसे परत मिळवणं हे न भरण्यापेक्षा फार अवघड काम आहे.

ईएसआय की फुले योजना? एकाच ऑपरेशनला दोन्ही लावता येत नाहीत. मुलांच्या हृदयाचे सर्जन जिथे आहेत आणि तारीख आधी मिळते, ती वाट धरा.

प्रश्न : मी मदनपुऱ्यात बॅगा शिवतो. रेशनकार्ड उत्तर प्रदेशातलं आहे, आयुष्मान कार्ड गावी काढलं होतं. मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन मुंबईत होईल का?
– एक कारागीर, मदनपुरा

उत्तर : होऊ शकतं. फुले योजनेला महाराष्ट्राचा कागद लागतो, पण २०१८ ची आयुष्मान भारत योजना देशभर चालते. तिचंही संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये आहे. रुग्णालय त्या योजनेत असावं, आणि मुलाचं नाव तुमच्या कुटुंबाच्या नोंदीत असावं. कार्ड प्रत्येकाचं वेगळं निघतं. तुमचं कार्ड दाखवून मुलाचं काम होणार नाही. नाव आहे का, हे १४५५५ वर विचारा.

प्रश्न : मूल अत्यवस्थ असताना जवळचं ट्रस्टचं रुग्णालय योजनेत नसेल तर?
– एक आजोबा, भायखळा पूर्व

उत्तर : तर धर्मादाय रुग्णालयांचा नियम कामी येतो. सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१ अअ आणि २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मंजूर केलेली योजना यांनुसार, या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून जीव वाचवणारे उपचार द्यायचे आणि त्यासाठी अनामत मागायची नाही, असंही त्यात स्पष्ट आहे. तिथे रिसेप्शनवर वाद घालत बसू नका; वैद्यकीय समाजसेवकाला बोलवा आणि कलमाचा उल्लेख करून दोन ओळींचा लेखी अर्ज द्या. नकार दिला तर तोही लेखी मागा. वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करताना हाच कागद लागेल. रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मात्र तुम्हालाच दाखवावा लागेल. तो दाखला काढायला दिवस लागतात, म्हणून घरात कोणी आजारी नसतानाच काढून ठेवा.