यांत्रिक नौकेच्या केबिनमधील गळती : शोध आणि दुरुस्ती

धूलकोट (जिल्हा बुऱ्हाणपूर) व सातपुड्याच्या परिसरातील इतर गावांत कौलारू घराच्या गळतीचा अनुभव नवा नाही. थेंब पडतो तो भांड्यांच्या मांडणीवर. म्हणून घरधनी मांडणीच्या नेमके वरचे कौल बदलतो. पुढच्या सरीला थेंब पुन्हा त्याच जागी पडतो. अखेर जाणता माणूस आढ्यापर्यंत चढतो, तेथले तडकलेले कौल काढतो आणि गळती थांबते. पाणी आढ्याजवळ शिरले, वाशाच्या खालच्या अंगाने हात-दोन हात ओघळले आणि गाठ लागली तेथे सुटून खाली पडले. पाणी दिसते एका जागी व शिरते दुसऱ्याच जागी, हा या अनुभवाचा अर्थ होय.

पाण्याच्या या अदृश्य वाटचालीचा उपयोगही बुऱ्हाणपूरकरांना परिचित आहे. खान-ए-खानान अब्दुर्रहीम यांच्या काळात, १६१५च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत झिरपणारे पाणी भुयारात अडवून शहराकडे नेण्यात आले. शंभराहून अधिक कुंड्या असलेली ती योजना कुंडी भंडारा या नावाने प्रसिद्ध आहे. तेथे झिरपा हा उपकारक ठरला. नौकेच्या केबिनमध्ये मात्र तोच झिरपा घातक ठरतो.

नौकेचा विषय डोंगराळ मुलखातील वाचकाला दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु शेजारच्या खंडवा जिल्ह्यात पुनासा येथे नर्मदेवर इंदिरा सागर धरण झाल्यापासून विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला आहे. त्याच्या काठी हनुवंतिया येथे २०१६पासून जलमहोत्सव भरविण्यात येऊ लागला व पर्यटकांसाठी मोटरबोटी आल्या. महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील नर्मदाकाठच्या गावांसाठी तरंगते दवाखाने चालविण्यात आले. अशा नौकेच्या केबिनमध्ये औषधे, लसींच्या पेट्या, नोंदवह्या, विजेच्या तारा आणि प्रवासी असतात. तेथील गळती ही केवळ गैरसोय मानून चालणार नाही.

थेंबाचा हिशेब

साधारणपणे वीस थेंबांचे एक मिलिलिटर पाणी होते. दर सेकंदाला एक थेंब अखंड गळत राहिला, तर एका दिवसात ८६,४०० थेंब, म्हणजे सुमारे ४.३ लिटर पाणी जमते. तीस दिवसांत ते १३० लिटरच्या घरात जाते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असल्याने नौकेवर १३० किलोचा, म्हणजे दोन प्रौढ माणसांइतका भार वाढतो.

हा भार माणसांप्रमाणे एका जागी बसून राहत नाही. दहा फूट लांब व सहा फूट रुंद तळावर एवढे पाणी पसरले तर त्याची उंची एक इंचही भरत नाही. पण नौका एका अंगाला कलली की ते सर्व त्याच अंगाला धावते आणि कल अधिक वाढवते. वारा उठला असता किंवा प्रवासी एका बाजूस सरकले असता याच कारणाने नौकेचा तोल धोक्यात येतो. याखेरीज प्लायवूड कुजते, पेच गंजतात, विजेचे जोड बिघडतात व बंद जागेत बुरशी धरते.

पाणी कोठून येते?

केबिनमधील पाण्याचे उगम चार आहेत. पहिला वरचा : पाऊस, लाटांचे तुषार व धुण्याचे पाणी छत, खिडक्या आणि छतावर बसविलेल्या वस्तूंच्या पेचांतून आत येते. दुसरा खालचा : तळाच्या फळ्या, पंख्याचा दांडा बाहेर जातो ते छिद्र, तसेच तळातून जाणाऱ्या नळ्यांचे जोड. तिसरा आतला : पिण्याच्या पाण्याची टाकी, नळी, मोरी आणि इंजीन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा मार्ग. चौथा हवेतला : रात्री काच व धातू थंड होतात, आतल्या माणसांच्या श्वासातील बाष्प त्यांवर धरते व पहाटे ओघळते.

समुद्रावर यांचा भेद करण्याची एक सोपी खूण आहे. पाणी खारट असेल तर ते समुद्राचे. गोडे असेल तर पावसाचे, टाकीचे किंवा बाष्पाचे. जलाशयात ही खूण उपयोगी पडत नाही, कारण तेथे सर्वच पाणी गोडे. म्हणून जलाशयातील नौकेसाठी पाणी केव्हा वाढते याचे निरीक्षण हाच मुख्य आधार ठरतो.

प्रथम केबिन कोरडी करावी

शोधाला आरंभ करण्यापूर्वी चटया, गाद्या व तळावरील फळ्या उचलाव्यात. साचलेले पाणी उपसावे, तळ फडक्याने पुसून काढावा आणि दारे-खिडक्या उघडून वारा खेळू द्यावा. ओल्या जागेत नव्या पाण्याचा माग लागत नाही. त्यानंतर तळाच्या सखल भागी खडूने खूण करून पुढील परिस्थितींत नौका स्वतंत्रपणे तपासावी :

१. पाऊस नाही, इंजीन बंद आहे आणि नौका नुसती पाण्यावर उभी आहे, तरीही पाणी वाढते : दोष तळात किंवा टाकीत आहे. टाकीच्या पाण्यात खाण्याचा रंग मिसळावा; तळातील पाणी रंगीत आल्यास दोष टाकीचा अथवा तिच्या नळीचा समजावा.

२. इंजीन चालू असतानाच पाणी वाढते : पंख्याच्या दांड्याभोवतीची ग्लँड, थंड पाण्याची नळी व धूर बाहेर नेणारा मार्ग पाहावा.

३. नौका वेगाने चालताना किंवा लाटा असतानाच पाणी येते : नौकेची बाजू व वरची फळी जेथे जुळतात तो लांब सांधा तपासावा.

४. पावसातच पाणी येते : छत, खिडक्या व पेच यांचा शोध घ्यावा.

५. कोरड्या हवेत पहाटेसच ओल दिसते : बाष्पाचा संशय घ्यावा. ओल धरणाऱ्या जागी जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी पाणी तुकड्याच्या बाहेरच्या अंगावर असेल तर ते बाष्प. तुकड्याखाली असेल तर झिरपा. बाष्प असल्यास भोके बुजविण्याचा खटाटोप व्यर्थ होय. हवा येण्याजाण्याची सोय करणे हाच उपाय.

ग्लँडविषयी एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. तेल-चरबीत भिजविलेल्या दोरीच्या जुन्या पद्धतीच्या ग्लँडमधून, दांडा फिरत असताना, मिनिटाला दोन-चार थेंब येणे योग्यच असते. त्यानेच दांडा थंड राहतो. थेंब पूर्ण थांबावेत म्हणून ग्लँड आवळत गेल्यास दांडा तापतो व झिजतो. नौका उभी असताना मात्र ही गळती जवळजवळ थांबली पाहिजे. नव्या पद्धतीच्या काही ग्लँड न गळणाऱ्या असतात. त्यांतून सतत पाणी येत असल्यास तो दोष समजावा.

नळीची कसोटी

वरून येणाऱ्या गळतीच्या शोधासाठी दोन माणसे लागतात. एकाने बाहेरून साध्या नळीने पाणी सोडावे. दुसऱ्याने विजेरी घेऊन आत थांबावे. आरंभीच बॅटरीचे जोड सोडावेत व किनाऱ्यावरून वीज घेतली असल्यास ती बंद करावी. पाण्याची धार जोराची नसावी; जोराच्या धारेने एरवी न गळणारे सांधेही गळतात व शोध चुकतो.

पाणी सोडण्यास सर्वांत खालच्या सांध्यापासून सुरुवात करावी व हळूहळू वर जावे. आधी छतावर पाणी सोडल्यास ते ओघळून खालच्या खिडकीवर, पेचांवर व सांध्यांवर एकाच वेळी पसरते आणि दोष कोणाचा हे कळत नाही. एकेका वस्तूवर पाच ते दहा मिनिटे पाणी सोडावे व थोडे थांबावे, कारण पाण्याला आतील वाट कापण्यास वेळ लागतो. खिडकीची खालची कड, मग उभ्या कडा, मग वरची कड. नंतर दिव्याची बैठक, हातदांडीचे पेच, तारेचे भोक, छताचे झाकण असा क्रम ठेवावा.

आतील माणसाने संशयित जागेखाली वर्तमानपत्राच्या कोरड्या पट्ट्या चिकटवाव्यात अथवा खडूची पूड लावावी. पहिला थेंब पूड ओली करतो व ओघळाची रेघ उमटते. त्या रेघेच्या मागे मागे वरच्या दिशेने गेल्यास मूळ सापडते. छताच्या आतील अस्तराची फळी आड येत असल्यास ती उतरविण्याचा कंटाळा करू नये, कारण पाणी बहुधा अस्तराच्या मागूनच प्रवास करते.

दुरुस्ती

गळक्या पेचाभोवती वरून मसाल्याचा लेप देणे ही सर्वत्र आढळणारी चूक होय. लेप उन्हाने तडकतो, पाणी त्याखाली अडकते व लाकूड आतून कुजू लागते. खिडकीच्या चौकटीच्या तळाशी पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेली बारीक छिद्रेही अनेकदा अशा लेपाखाली बुजतात आणि मूळची किरकोळ गळती वाढते. ही छिद्रे तारेने साफ ठेवावीत.

योग्य पद्धत वेळखाऊ असली तरी टिकाऊ आहे. ती अशी : वस्तू पूर्णपणे काढावी. जुना मसाला खरवडून जागा स्वच्छ व कोरडी करावी. छिद्राच्या आतील प्लायवूड काळे पडले असल्यास कुजका भाग कोरून काढावा. सभोवतालचे लाकूड चांगले वाळल्यावर पोकळीत इपॉक्सी भरावे व ते कठीण झाल्यावर नवे छिद्र पाडावे. छिद्राची वरची कड किंचित उतरती करावी, म्हणजे तेथे मसाल्याचे कडे तयार होते. नंतर मसाला लावून वस्तू बसवावी व मसाला चहूबाजूंनी किंचित बाहेर येईल इतपतच आवळावे. मसाला धरल्यावर शेवटचा आवळ द्यावा. त्या वेळी बाहेरील बोल्ट स्थिर धरून आतील नट फिरवावा. बोल्ट फिरल्यास त्याच्याभोवतीचे कडे तुटते.

मसाल्याची निवडही विचारपूर्वक करावी. सिलिकोनचा अंश राहिलेल्या जागी नंतर रंग किंवा दुसरा मसाला नीट धरत नाही. पॉलियुरेथेनची पकड फार घट्ट असते. म्हणून पुढे काढावी लागणारी वस्तू त्याने बसवू नये. पॉलिसल्फाइड मसाला अ‍ॅक्रिलिकच्या तावदानांना अपाय करतो. तळातील, पाण्याखालच्या दोषाची कायम दुरुस्ती नौका किनाऱ्यावर ओढल्याखेरीज करू नये.

लाकडी नौकेचे शास्त्र थोडे वेगळे आहे. उन्हाळ्यात किनाऱ्यावर राहिलेल्या नौकेच्या फळ्या आकसतात. पाण्यात लोटल्यावर ती एक-दोन दिवस पाणी घेते व फळ्या फुगल्यावर बंद होते. कोकणकिनाऱ्यावरील सुतार सांध्यांत कापूस ठासून त्यावर लांबी भरतात, ती फळ्यांना फुगण्यास वाव ठेवून. सुकलेल्या फटीत कठीण लांबी ठासून भरल्यास फुगणाऱ्या फळ्यांना जागा उरत नाही व सांधे उलट ताणले जातात.

तपासणीचा काळ व नोंद

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. अनेक नौकांची डागडुजी या अवधीत उरकली जाते. जलाशयातील प्रवासी नौकेची तपासणी पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळ्यानंतर एकदा अवश्य व्हावी. प्रत्येक नौकेवर एक वही ठेवून तारीख, हवामान, इंजीन चालू होते की बंद, पाणी कोठे व किती आढळले आणि कोणता उपाय केला, हे लिहावे. नावाडी बदलला तरी वहीमुळे शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागत नाही.

शिक्षकांना हा पाठ वर्गातही दाखविता येईल. पत्र्याच्या तुकड्याला वरच्या टोकाजवळ खिळ्याने एक भोक पाडावे, पत्रा तिरपा धरावा व भोकावर थेंब थेंब पाणी सोडावे. पाणी भोकाखाली न पडता पत्र्याच्या खालच्या अंगाने ओघळून दूरवर पडते. थेंब पडलेल्या जागेवरून भोक कोठे असेल हे विद्यार्थ्यांना ओळखण्यास सांगावे, म्हणजे घराचे छप्पर व नौकेची केबिन या दोहोंचे तत्त्व एकच आहे हे त्यांच्या ध्यानात येईल.

दुरुस्तीनंतर नळीची कसोटी त्याच क्रमाने पुन्हा घ्यावी. त्या कसोटीत खडूची पूड कोरडी राहिली आणि पुढच्या मोठ्या पावसानंतर तळावरील खूणही कोरडी आढळली, म्हणजे गळती बंद झाली असे वहीत लिहिण्यास हरकत नाही. तोपर्यंत औषधांच्या पेट्या व विजेचे सामान तळापासून उंच फळीवरच ठेवावे.