टीपॉयला किती पाय?

मुलांनो, सोफ्यापुढच्या बुटक्या टेबलाला तुमचे आई-बाबा काय म्हणतात? बहुतेक घरी उत्तर येईल, 'टीपॉय'. हा शब्द शाळेतल्या मित्रमैत्रिणींना विचारून पाहा. बहुतेकांना ठाऊक नसेल. ते म्हणतील 'कॉफी टेबल'. आणि तरी टीपॉय इंग्रजी शब्दकोशात आहे!

त्याचं स्पेलिंग टी-ई-ए असं सुरू होतं, म्हणून चहा ठेवायचं ते टीपॉय, असं आपण धरून चालतो. चहाचा इथे काडीचाही संबंध नाही. मूळ शब्द हिंदुस्तानी 'तिपाई'. 'ति' म्हणजे तीन, आणि 'पाई' आली फारसी 'पाय'वरून. फारसीतही पाय म्हणजे पायच! चार पायांची ती चारपाई. साहेबाने तिचंही 'चारपॉय' केलं. युल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात टीपॉयचा हा उलगडा आहे.

खरी गंमत पुढेच. विलायतेत लोकांनी 'टी' ऐकलं आणि एकोणिसाव्या शतकात लंडनच्या दुकानांतून टीपॉय म्हणून चक्क पायांवर उभी केलेली चहाची पेटी विकली जाऊ लागली. एक अक्षर चुकलं की आमचा कॉम्प्युटर अडून बसतो. इथे चुकीच्या स्पेलिंगमधून नवं फर्निचर निघालं!

आता 'तीन पाय' नीट पाहू. संस्कृतात त्रि आणि पाद. ग्रीकमध्ये त्रि आणि पोद, त्यावरून कॅमेऱ्याचा ट्रायपॉड. इंग्रजीत थ्री आणि फूट. ही सगळी सख्खी भावंडं. इंग्रजीच्या घराण्यात मूळच्या 'प'चा 'फ' झाला, 'त'चा 'थ' आणि 'द'चा 'ट'. दंत आणि टूथ शेजारी लिहून पाहा, दोन बदल एकाच शब्दात सापडतील. हा नियम १८२२ मध्ये मांडणारे याकोब ग्रिम म्हणजे परीकथावाल्या ग्रिम बंधूंपैकी थोरले.

मराठीत या वस्तूला आपला जुना शब्द आहे, तिवई. ती संस्कृत त्रिपदीची नात. फोनवर आजीला विचारा, तिला नक्की माहीत असेल. आपण मात्र तिवई अडगळीत टाकली आणि तिपाई साहेबाच्या हातून परत घेतली.

पुढच्या वर्गाला येताना:
१. घरातल्या टीपॉयचे पाय मोजून या.
२. पायजमा, पायरी, पेडल, ऑक्टोपस यांत पाय कुठे आहे ते शोधा. (ऑक्टोपसचा शेवटी लपलाय.)